अरुण फडके : विजेच्या जाळ्याला एकच घड्याळ देणारा इंजिनिअर



आजच्या भागात ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्यांचं नाव तुमच्यापैकी बहुतेकांनी ऐकलेलं नसेल. डॉ. अरुण फडके. जन्म १९३८, निधन २०२४. विद्युत अभियंता, संशोधक आणि हाडाचे शिक्षक. जगातल्या मोठमोठ्या वीज ग्रिडमध्ये आज एक छोटं उपकरण बसवलेलं असतं. त्याचं नाव फेजर मेजरमेंट युनिट, थोडक्यात पीएमयू. हे उपकरण १९८८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठात तयार झालं. त्यामागचे प्रमुख दोघे म्हणजे अरुण फडके आणि त्यांचे सहकारी जेम्स थॉर्प.

आपल्याकडे शोधक म्हटलं की एडिसन आठवतो, दिवा आठवतो. दिवा दिसतो, म्हणून त्याचा शोध लावणाराही लक्षात राहतो. फडक्यांनी केलेलं काम मात्र तेव्हाच दिसतं, जेव्हा ते नसल्यामुळे अर्ध्या देशाचे दिवे जातात. आपल्या देशात तेही घडलं आहे, आणि मी जिथे बसून बोलतो आहे ते गावही त्यातून सुटलं नव्हतं.

हा भाग आपण वाराणसीच्या भोसले घाटावर चित्रित करतो आहोत. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा दगडी घाट. वर लक्ष्मीनारायणाचं मंदिर, एका अंगाला गणेश घाट, दुसरीकडे थोड्या अंतरावर ग्वाल्हेरच्या शिंद्यांचा घाट. काशीतला हा सगळा पट्टा मराठी माणसांना परका नाही. पण आज इथे यायचं कारण वेगळं आहे. फडक्यांचा शोध समजून घ्यायला या घाटाच्या पायऱ्या आणि समोरची गंगा यांच्यासारखी शाळा नाही.

पाण्याचा उतार आणि विजेचा कोन

गंगा प्रयागराजकडून इकडे का वाहत येते? तिकडची पातळी उंच, इकडची खाली. इथे वाराणसीत पुराची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर धरलेली आहे. प्रयागराजला मोजपट्टी वेगळी, आकडा वेगळा. दोन्ही ठिकाणचे आकडे समोर ठेवले की नदीचा उतार कळतो, पूर किती जोराने येणार याचा अंदाज बांधता येतो.

आता समजा, भर पुरात प्रयागराजची पातळी सकाळी मोजली आणि वाराणसीची संध्याकाळी. मधल्या वेळात पाणी पाच पायऱ्या चढून गेलं. मग त्या दोन आकड्यांवरून काढलेला उतार खरा का? मुळीच नाही. दोन्ही माणसांनी प्रामाणिकपणे मोजलं, दोघांच्या पट्ट्या अचूक, तरी निष्कर्ष चुकला. कारण दोघांनी वेगवेगळ्या क्षणी पाहिलं.

विजेचंही असंच आहे. आपल्या घरात येणारी वीज ही एसी, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनं घेणारी. प्रत्येक आवर्तन हे वर्तुळावरचा एक फेरा समजा, ३६० अंशांचा. इथून दक्षिणेला सोनभद्र जिल्ह्यात सिंगरौलीचं मोठं औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथली वीज दिल्लीकडे जाते, कारण सिंगरौलीचा फेरा दिल्लीच्या फेऱ्याच्या काही अंश पुढे असतो. हा पुढे-मागे असण्याचा कोन म्हणजे विजेच्या नदीचा उतार. कोन वाढला की प्रवाह वाढतो. प्रमाणाबाहेर वाढला की दोन्ही टोकांची लय तुटते आणि जाळं फाटतं.

म्हणजे ग्रिड सांभाळणाऱ्याला सगळ्यात आधी काय कळायला हवं? ठिकठिकाणचे कोन. आणि गंमत अशी, की अनेक दशकं नेमकं तेच थेट मोजता येत नव्हतं. सेकंदाला ५० फेरे, म्हणजे १८,००० अंश. दोन उपकेंद्रांच्या घड्याळांत सेकंदाच्या हजाराव्या भागाचा फरक पडला, तर कोनात १८ अंशांची चूक होते. असा आकडा कामाचा नाही. चूक अंशाच्या पन्नासाव्या भागात ठेवायची, तर घड्याळं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत जुळायला हवीत. पाचशे-हजार किलोमीटर दूर असलेल्या दोन उपकेंद्रांची घड्याळं इतकी जुळवायची कशी? या प्रश्नाचं वापरता येईल असं उत्तर ज्यांनी उभं केलं, त्यांत फडके अग्रभागी आहेत.

खरगपूरहून विस्कॉन्सिनला

फडक्यांचं शिक्षण महाराष्ट्राबाहेरचं. १९५५ मध्ये आग्रा विद्यापीठाची बी.एस्सी. आणि १९५९ मध्ये खरगपूरच्या आयआयटीतून बी.टेक. त्या काळाचा विचार करा. देशातली ही पहिली आयआयटी १९५१ मध्ये सुरू झाली, तीही हिजलीच्या तुरुंगछावणीत. इंग्रजांनी जिथे राजबंदी ठेवले आणि १९३१ मध्ये जिथे नि:शस्त्र कैद्यांवर गोळीबार केला, त्याच इमारतीत स्वतंत्र देशाने आपले इंजिनिअर घडवायला घेतले. फडके त्या पहिल्या काही तुकड्यांमधले.

तिथून अमेरिका. १९६१ मध्ये शिकागोच्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीची पदव्युत्तर पदवी, १९६४ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाची पीएच.डी. पुढे अॅलिस-चामर्स या यंत्रसामग्री बनवणाऱ्या कंपनीत नोकरी, काही काळ विस्कॉन्सिनमध्ये अध्यापन, आणि मग अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवर ही बलाढ्य वीज कंपनी. तिथे ते १९८२ पर्यंत होते. पुढच्या सगळ्या कामाचा पाया याच नोकरीत घातला गेला.

१९६५चा अंधार

फडके तिकडे स्थिरावत असतानाच, ९ नोव्हेंबर १९६५ रोजी संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास, कॅनडातल्या नायगारा परिसरात एका वीजवाहिनीचा रिले चालला. रिले म्हणजे पहारेकरी. वाहिनीत बिघाड दिसला की ब्रेकरला हुकूम देऊन ती वाहिनी तोडायची, एवढंच त्याचं काम. त्या संध्याकाळी बिघाड काहीच नव्हता. वाहिनीवरचा भार वाढला होता आणि रिलेची मर्यादा मात्र फार खाली लावलेली होती. एक वाहिनी तुटली, तिचा भार शेजारणीवर पडला, तीही तुटली. काही मिनिटांत न्यूयॉर्कसकट अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे तीन कोटी लोक.

या घटनेनंतर वीज क्षेत्रातल्या लोकांनी स्वतःला विचारलं, की जाळ्यात या क्षणी काय चाललं आहे हे आपल्याला कळतं तरी का? उत्तर होतं, नीटसं नाही. मग १९७०च्या सुमारास एमआयटीच्या फ्रेड श्वेप यांनी गणिती मार्ग काढला. ठिकठिकाणचे मोजलेले आकडे गोळा करायचे आणि त्यांवरून संगणकाने जाळ्याच्या स्थितीचा अंदाज बांधायचा. मोठं काम होतं ते, आजही वापरात आहे. पण आकडे येणार काही काही सेकंदांनी, एकामागून एक, वेगवेगळ्या क्षणांचे. म्हणजे सकाळचं प्रयागराज आणि संध्याकाळची वाराणसी. पाणी संथ असेल तर चालून जातं. पूर आला की फसतं. आणि खरी गरज पुरातच असते.

कमी ताकदीचा संगणक आणि हुशार गणित

फडके मुळात या प्रश्नाच्या मागे लागलेलेच नव्हते. त्यांच्याकडे काम होतं रिलेचं. त्या वेळचे रिले म्हणजे तबकड्या, स्प्रिंगा, चुंबकं. १९६९ मध्ये जॉर्ज रॉकफेलर या अभियंत्याने एक निबंध लिहून विचारलं, की हे काम संगणकाने का करू नये? अनेकांना ते स्वप्नरंजन वाटलं, कारण संगणक महाग, अवजड आणि मंद. अमेरिकन इलेक्ट्रिक पॉवरमध्ये फडके आणि त्यांचे सहकारी मात्र उपकेंद्रात खराखुरा संगणक बसवून प्रयोग करायला लागले. १९७६ मध्ये त्या चाचण्यांवरचा त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला.

अडचण अशी होती. तीन तारांच्या वाहिनीवर बिघाड अनेक तऱ्हांनी होतो. एक तार जमिनीला टेकली, दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तिन्ही चिकटल्या. एकूण दहा प्रकार. ते ओळखायला नेहमीच्या पद्धतीत सहा समीकरणं सतत सोडवत राहावी लागतात, आणि निकाल द्यायला मिळतो एका आवर्तनाएवढा वेळ, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाइतका. त्या काळच्या संगणकाला हे झेपत नव्हतं.

फडक्यांनी इथे एक जुनी विद्या बाहेर काढली. १८९३ मध्ये स्टाइनमेट्झ या अभियंत्याने एसी वीज बाणासारख्या फिरत्या राशीने मांडायची रीत दाखवली होती. तिलाच पुढे फेजर म्हणू लागले. १९१८ मध्ये फोर्टेस्क्यू यांनी दाखवलं, की तीन तारांमधला कितीही वाकडातिकडा असमतोल तीन सुबक घटकांमध्ये वेगळा काढता येतो. फडक्यांच्या गटाने या घटकांचा उपयोग करून सहा समीकरणांचं एकच समीकरण केलं. शिवाय एका आवर्तनात बरोबर १२ नमुने घ्यायचे, म्हणजे दर ३० अंशांना एक, असं ठरवल्यामुळे गुणाकार-भागाकारही सोपे झाले. मंद संगणक एकदम उपयोगी ठरला. १९७७च्या सुमारास ही पद्धत प्रसिद्ध झाली.

फौजेत आम्ही म्हणायचो, जे हत्यार हातात आहे त्यानेच लढाई लढावी लागते. फडक्यांनी जास्त ताकदीच्या संगणकाची वाट पाहिली नाही. हातातल्या संगणकाला पेलेल असं गणित त्यांनी केलं.

कामाच्या कडेला सापडलेली गोष्ट

खरी कलाटणी इथून पुढे आहे. रिलेसाठी केलेल्या या हिशेबात एक आकडा वाटेत आपोआप मिळत होता. व्होल्टेजच्या मुख्य घटकाचं मान आणि त्याचा कोन, तोही अतिशय अचूक. रिलेला त्याची गरज हिशेबापुरती. पुढे तो विसरला तरी चालणार. फडक्यांच्या लक्षात आलं, की हाच आकडा ग्रिडच्या नियंत्रण कक्षाला हवा आहे. फक्त दोन उपकेंद्रांचे नमुने एकाच क्षणी घेतले गेले पाहिजेत.

याच सुमारास कॉर्नेल विद्यापीठातले प्राध्यापक जेम्स थॉर्प १९७६-७७ मध्ये वर्षभरासाठी कंपनीत आले होते. दोघांची तिथे जमलेली जोडी पुढे कित्येक दशकं टिकली. फडके, थॉर्प आणि त्यांचे तरुण सहकारी मार्क अॅडॅमिक यांचा १९८३चा निबंध या विषयाचा मूळ दस्तऐवज मानला जातो. व्होल्टेजचा फेजर, त्या जागची फ्रिक्वेन्सी आणि ती बदलण्याचा वेग कसा मोजायचा, हे त्यात सांगितलं आहे.

उरला प्रश्न घड्याळाचा. आम्हा फौजी माणसांना घड्याळ जुळवण्याचं महत्त्व सांगावं लागत नाही. हल्ल्याच्या आधी सगळे अधिकारी मनगटावरची घड्याळं जुळवतात. तोफखान्याचा मारा थांबण्याची वेळ आणि पायदळ पुढे सरकण्याची वेळ यांत मिनिटाचा फरक पडला, तर आपलेच गोळे आपल्याच जवानांवर पडतात. मी सिग्नल्सचा माणूस. संदेश पोचणं आणि वेळेवर पोचणं यांतला फरक आमच्या अंगात भिनलेला असतो.

विजेच्या जाळ्याला घड्याळ दिलं तेही लष्करानेच. अमेरिकन सैन्याने १९७८ पासून जीपीएसचे उपग्रह सोडायला सुरुवात केली होती. आपण जीपीएस रस्ता शोधायला वापरतो, पण त्याचा आत्मा घड्याळ आहे. प्रत्येक उपग्रहात आण्विक घड्याळ असतं आणि त्यावरून जमिनीवर कुठेही सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत वेळ जुळवता येते. कोनाच्या मोजणीला नेमकी एवढीच अचूकता हवी होती.

१९८२ मध्ये फडके व्हर्जिनिया टेकमध्ये प्राध्यापक झाले. तिथे पहिली यंत्रं जुळवली गेली तेव्हा आकाशात उपग्रह पुरेसे नव्हते. दिवसातला काही वेळ संकेतच मिळत नसे. मग यंत्रात अतिशय अचूक स्फटिकाचं घड्याळ बसवलं. उपग्रह दिसेनासा झाला की तेवढा वेळ त्याने धरून ठेवायचा. अशी काही यंत्रं अमेरिकेतल्या निरनिराळ्या वीजसंस्थांच्या उपकेंद्रांत बसली. १९९१च्या सुमारास मॅक्रोडाइन नावाच्या कंपनीने, विद्यापीठाच्या सहकार्याने, पहिलं बाजारात मिळणारं पीएमयू तयार केलं. जीपीएसची पूर्ण उपग्रहमाला कार्यान्वित झाल्याची घोषणा झाली १९९५ मध्ये, आणि पीएमयूने माहिती कोणत्या रीतीने द्यावी याचं पहिलं मानकही त्याच वर्षीचं. म्हणजे बघा, घड्याळ पूर्ण व्हायच्या आधीच काटे तयार होते.

शोध तयार, घेणारा तयार नाही

यानंतर काय व्हायला हवं होतं? सगळ्या जगाने ते उपकरण बसवायला हवं होतं. तसं झालं नाही. १९९०च्या दशकात पीएमयू बसली ती मोजक्या ठिकाणी, संशोधनासाठी. वीज कंपन्यांचं म्हणणं साधं होतं. ग्रिड चालतंय ना? मग हा खर्च कशाला?

१४ ऑगस्ट २००३ रोजी उत्तर मिळालं. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात वाढलेल्या झाडांना वीजवाहिन्या टेकून तुटत गेल्या. वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी संगणकप्रणाली बंद पडलेली होती आणि तिथल्या लोकांना त्याचा पत्ताच नव्हता. संध्याकाळपर्यंत सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. पुढची पंचाईत चौकशीत झाली. हजारो नोंदी गोळा झाल्या, पण अनेक यंत्रांची घड्याळं जुळत नव्हती. आधी काय घडलं आणि नंतर काय, हे लावता लावता तज्ज्ञांच्या नाकी नऊ आले. चौकशी समितीने नोंदी एकाच वेळेला बांधलेल्या असल्या पाहिजेत अशी शिफारस केली. त्यानंतर अमेरिकेत पीएमयूंची संख्या वाढत हजारावर गेली.

२००८ मध्ये फिलाडेल्फियाच्या फ्रँकलिन इन्स्टिट्यूटने विद्युत अभियांत्रिकीसाठीचं बेंजामिन फ्रँकलिन पदक फडके आणि थॉर्प यांना दिलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने फडक्यांना १९९३ मध्येच सदस्य करून घेतलं होतं. मूळ निबंधापासून पदकापर्यंत २५ वर्षं गेली.

आपल्याकडचा धडा

आता येऊ इकडे. ३० जुलै २०१२, पहाटे २ वाजून ३३ मिनिटं. मध्य प्रदेशातल्या बीना ते ग्वाल्हेर या ४०० केव्ही वाहिनीचा रिले चालला. जोडीची दुसरी वाहिनी कामासाठी बंद होती, त्यामुळे हिच्यावर भार फार. व्होल्टेज खाली आलेलं, करंट वाढलेला. हा रिले अंतर मोजणाऱ्या जातीचा. व्होल्टेजला करंटने भागायचं आणि उत्तर लहान आलं की बिघाड जवळ आहे असं समजायचं. भार प्रमाणाबाहेर वाढला तरी उत्तर लहानच येतं. पहारेकऱ्याने पाहुण्याला चोर समजून दार लावून घेतलं. १९६५च्या नायगाऱ्याचीच गोष्ट, ४७ वर्षांनी, आपल्या अंगणात.

काही सेकंदांत उत्तर ग्रिड कोसळलं. सुमारे ३६,००० मेगावॉट भार गेला. उत्तर प्रदेश, दिल्ली, पंजाब, हरियाणा, राजस्थान, सगळीकडे अंधार. दुसऱ्या दिवशी, ३१ जुलैला दुपारी एक वाजता, पुन्हा तेच. या वेळी उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तीन ग्रिड एकत्र गेली. सुमारे ४८,००० मेगावॉट. ज्या भागांत वीज गेली तिथली लोकसंख्या साठ कोटींच्या घरात. रेल्वेगाड्या वाटेत उभ्या राहिल्या, झारखंड-बंगालच्या कोळसा खाणींत कामगार अडकले. पश्चिम ग्रिड वेगळं होऊन वाचलं, म्हणून महाराष्ट्रातल्या आपल्या मंडळींना त्याची झळ लागली नाही आणि ही घटना तिकडे फारशी आठवतही नाही. काशीकरांना मात्र ते दोन दिवस आठवतात.

भारतात तेव्हा पीएमयू अगदीच नव्हती असं नाही. मे २०१० मध्ये उत्तर ग्रिडमध्ये प्रायोगिक म्हणून चार बसवली होती, मोगा, दादरी, कानपूर आणि विंध्याचल इथे. पुढे त्यांत थोडी भर पडली. २०१२च्या चौकशीत कोन कसा उघडत गेला, कुठल्या क्षणी लय तुटली, हे उलगडायला याच मूठभर यंत्रांच्या नोंदी कामी आल्या. १६ ऑगस्टला, म्हणजे पंधरवड्यानंतर, समितीचा अहवाल आला. त्यात पीएमयूवर आधारलेली देखरेख देशभर वाढवावी, नोंदयंत्रांची घड्याळं जुळवावीत, रिलेची तपासणी करावी अशा शिफारशी होत्या. आज देशातल्या वीज उपकेंद्रांत हजाराहून जास्त पीएमयू बसलेली आहेत. दर सेकंदाला २५ किंवा ५० वेळा, एकाच घड्याळावर, ती देशाची नाडी पाहतात.

आणि ते आता जास्तच गरजेचं आहे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर ही ७६५ केव्ही वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाला जोडलं गेलं. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच लय. या जोडणीचं एक टोक आपलं सोलापूर आहे, हे ध्यानात ठेवा. जाळं जितकं मोठं, तितका एका ठिकाणचा धक्का दूरवर जाणार. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या लावल्या, तेव्हा सुमारे ३१,००० मेगावॉट मागणी बघता बघता उतरली आणि तितक्याच झपाट्याने परत चढली. ग्रिड जागचं हललं नाही. श्रेय जलविद्युत केंद्रांवरच्या आणि नियंत्रण कक्षांतल्या माणसांचं. पण त्या माणसांना त्या नऊ मिनिटांत जाळं डोळ्यांसमोर दिसत होतं, यात फडक्यांच्या कामाचा वाटा आहे. त्याच वर्षी १२ ऑक्टोबरला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. म्हणजे पश्चिमेलाही बेसावध राहून चालणार नाही.

पहाऱ्याचं शहाणपण

फडक्यांचं आणखी एक काम मला सैनिक म्हणून फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी आणि थॉर्प यांनी १९९०च्या दशकात रिलेमधल्या छुप्या दोषांवर लिहिलं. एखाद्या रिलेत खोट असते, पण एरवी ती दिसत नाही. जाळ्यावर ताण आला, शेजारची वाहिनी तुटली, की नेमकी तेव्हाच ती खोट जागी होते आणि निरोगी वाहिनीही तुटते. मोठे अंधार अशानेच पसरत जातात. मग उपाय काय?

छावणीच्या दारावरचा संतरी आठवा. रात्री सावली दिसली की तो ओरडतो, ‘थम! कौन आता है?’ लगेच गोळी झाडत नाही. काही पहाऱ्यांवर मात्र हुकूम असतो, की शंका आली तरी थांबू नका. कुठल्या वेळी कोणता हुकूम लागू, हे वरिष्ठ ठरवतात. रिलेचा हुकूम मात्र वर्षानुवर्षं एकच होता, शंका आली की तोडा. फडके, थॉर्प आणि स्टॅनली होरोविट्झ यांनी मांडलं, की रिलेनेही परिस्थिती पाहून वागावं. जाळं निवांत असताना एका रिलेच्या सांगण्यावरून वाहिनी तोडली तरी चालेल. जाळं ताणलेलं असताना मात्र तीन रिलेंपैकी निदान दोघांचं एकमत झाल्याशिवाय तोडू नये. आणि जाळं ताणलेलं आहे की निवांत, हे सांगणार कोण? तेच पीएमयू. आयुष्याच्या पहिल्या टप्प्यातलं रिलेचं काम आणि दुसऱ्या टप्प्यातलं मोजणीचं काम इथे एकत्र येतं.

हे ज्ञान त्यांनी पुस्तकांत मांडलं. होरोविट्झ यांच्याबरोबर वीज संरक्षणावरचं, थॉर्प यांच्याबरोबर संगणकी रिलेवरचं आणि पुढे फेजर मोजणीवरचं. वीज संरक्षण शिकणारे विद्यार्थी आजही ही पुस्तकं वापरतात.

काशीत हे सांगताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. इथल्याच हिंदू विद्यापीठाने १९१९ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय काढून देशात विद्युत अभियांत्रिकीच्या पदवीची वाट घातली. त्या वाटेने देशभरातली मुलं शिकली. पण वीज खात्यातल्या संरक्षण विभागाचा इंजिनिअर आजही सगळ्यात अनोळखी माणूस आहे. त्याचं काम बिनचूक झालं तर काहीच घडत नाही, आणि काहीच न घडल्याबद्दल कोणी हार घालत नाही. सरहद्दीवरच्या जवानाला निदान गणवेश असतो.

तेव्हा माझं सांगणं एवढंच. तुमच्या घरात किंवा ओळखीत कोणी मुलगा-मुलगी इलेक्ट्रिकलला असेल, तर त्यांना अरुण फडके हे नाव सांगा. संगणकाकडेच सगळे धावतात अशा दिवसांत सांगा, की या माणसाने संगणकच हाती घेतला होता, पण उपकेंद्रात नेऊन, रिलेच्या शेजारी ठेवून. आणि तुमच्या गावाबाहेरच्या उपकेंद्रावरून जाताना छपरावर टोपीएवढा पांढरा अँटेना दिसला, तर दाखवा. उपग्रहाकडून वेळ घेण्यासाठी असाच अँटेना लागतो. त्या वेळेवर सोलापूरचा आणि सिंगरौलीचा कोन एकाच क्षणी मोजला जातो.

आजच्या भागात एवढंच. पुढच्या भागात भेटू. जय हिंद, जय महाराष्ट्र.